डोळ्यांच्या चालीपासून आरएनएपर्यंत : मुंबईतल्या एका निरीक्षणाचा इतिहास

वेळापुरात आरएनए या विषयावर व्याख्यान ठेवलं म्हटल्यावर काही जणांनी विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे, तुमचा याच्याशी काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. आम्ही प्रयोगशाळेत काम केलेलं नाही, त्यामुळे जीवशास्त्राचा तास घेणार नाही. ज्ञान कसं तयार होतं, त्यात कोणाचा वाटा धरला जातो आणि कोणाचा सुटतो, हा आमचा जुना विषय. त्या दृष्टीने आज एक इतिहास सांगायचा आहे. तो मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयात सुरू होतो आणि क्यूबा, लंडन, अमेरिका, बंगळुरू असा फिरत आजही चालूच आहे.

एक आजार असा आहे, की त्यात माणसाचा तोल हळूहळू जातो. चाळिशीच्या आसपास, कधी त्याच्याही आधी, चालताना झोकांड्या जायला लागतात. पाय फाकवून चालावं लागतं. बोलणं जड होतं. हातातला पाण्याचा तांब्या सांडतो. गावात लोक काय म्हणतात, ते तुम्हाला ठाऊक आहे : "सकाळीसकाळीच घेतलेली दिसते." ज्याने आयुष्यात दारूला हात लावला नाही, त्यालाही हे ऐकावं लागतं. पुढे त्याच्या भावाला तेच होतं, मग मुलीला. मग लोक म्हणतात, घराण्याला शाप आहे. मग ते घर गप्प बसतं, कारण पोरींची लग्नं व्हायची असतात.

वैद्यकात तोल जाण्याच्या या आजारांना अटॅक्सिया म्हणतात. डोक्याच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो, तो हालचालींचा मेळ घालतो. तिथल्या पेशी मरू लागल्या की हा प्रकार होतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत डॉक्टरांना एवढं कळलं होतं, की हे आजार काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालतात. पण हा एकच आजार आहे की दहा निरनिराळे, याचा मेळ लागत नव्हता. एकाने एक वर्गीकरण करायचं, दुसऱ्याने दुसरं.

इथे आपल्या गोष्टीत डॉ. नोशीर वाडिया येतात. जन्म १९२५ सालचा, सुरतेचा. लंडनमध्ये मज्जाविकारांचं शिक्षण घेऊन ते मुंबईत परतले आणि १९५७ पासून भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी या शाखेचा विभाग उभा केला. २०१२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं, २०१६ साली ते गेले. त्या काळात जे. जे.मध्ये सीटी स्कॅन नव्हता, एमआरआय नव्हता. साधनं म्हणजे टॉर्च, रबरी हातोडी, टाचणी आणि स्वतःचे डोळे.

वाडियांनी या रुग्णांच्या डोळ्यांकडे पाहिलं. आता हे नीट समजून घ्या. आपण वाचतो, रस्ता ओलांडतो, समोरच्याचा चेहरा न्याहाळतो, तेव्हा आपली नजर सरपटत जात नाही, उड्या मारते. सेकंदाला दोन-तीन उड्या. प्रत्येक उडी इतकी झटपट, की ती आपली आपल्याला कळतसुद्धा नाही. ही उडी तपासायला काहीही लागत नाही. रुग्णासमोर दोन बोटं दोन बाजूंना धरायची आणि सांगायचं : आता हे बोट बघा, आता ते बघा. निरोगी माणसाचे डोळे चटकन जातात. या रुग्णांचे डोळे मात्र एका बोटाकडून दुसऱ्या बोटाकडे संथपणे, जणू ओझं वाहत असल्यासारखे सरकत होते. काही रुग्ण नजर वळवण्यासाठी सगळी मानच वळवत.

वाडिया आणि त्यांचे सहकारी आर. के. स्वामी यांनी अशी नऊ कुटुंबं तपासली आणि १९७१ साली लंडनच्या 'ब्रेन' या नियतकालिकात लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं होतं, की डोळ्यांची संथ चाल असलेला हा आनुवंशिक अटॅक्सिया वेगळा, नवा प्रकार मानला पाहिजे.

आमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची जागा हीच आहे. मराठीत 'लक्षण' शब्दाचे दोन अर्थ आहेत. डॉक्टर म्हणतो तापाची लक्षणं, तो एक. न्यायशास्त्रात लक्षण म्हणजे एखाद्या वस्तूला इतर सगळ्यांपासून वेगळं काढणारा धर्म, म्हणजे व्याख्या. गाय म्हणजे काय? "जिला शिंगं असतात ती" असं म्हटलं तर म्हैसही त्यात येते, ही अतिव्याप्ती. "जी तांबडी असते ती" म्हटलं तर पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ती. "गळ्याखाली लोंबती कातडी असलेली" म्हटलं की जमतं, असं जुने नैयायिक सांगत. आता अटॅक्सियाकडे बघा. "तोल जातो" हे लक्षण अतिव्याप्त आहे. त्यात पन्नास आजार बसतात. वाडियांनी डॉक्टरी अर्थाचं एक लक्षण घेऊन ते न्यायशास्त्रातल्या अर्थाच्या लक्षणाच्या जवळ नेलं. पूर्ण निर्दोष नाही म्हणता येणार, कारण डोळ्यांची चाल पुढे आणखीही काही प्रकारांत मंद सापडली. पण गर्दीतून एक घराणं वेगळं उभं करण्यापुरतं ते पुरेसं होतं.

आपल्याकडे एक समज असा रुजला आहे, की वर्णन करणं हे कनिष्ठ काम आणि कारण शोधणं हे खरं विज्ञान. आम्हाला हे मान्य नाही. वस्तू वेगळी काढल्याशिवाय तिचं कारण विचारताच येत नाही. पुढच्या पन्नास वर्षांत जी उत्तरं मिळाली, त्यांतल्या एका मोठ्या प्रश्नाची मांडणी भायखळ्याच्या वॉर्डात झाली होती.

आता त्याच शहरातली दुसरी जागा बघू. भायखळ्याहून काही किलोमीटरवर, कुलाब्याच्या टोकाला, टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. होमी भाभांच्या बोलावण्यावरून १९६२ साली ओबेद सिद्दीकी तिथे आले आणि त्यांनी रेणवीय जीवशास्त्राचा गट सुरू केला. सत्तरच्या दशकात सिद्दीकी माश्यांकडे वळले. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारी बारीक चिलटं असतात ना, त्याच. सेमूर बेन्झर या अमेरिकी शास्त्रज्ञाबरोबर त्यांनी अशा माश्या अभ्यासल्या, की तापमान वाढलं की लुळ्या पडतात आणि गारवा आला की पुन्हा उठतात. एका जनुकातला बदल मज्जासंस्थेत काय घडवतो, ते यातून दिसत होतं. म्हणजे एकाच शहरात, एकाच दशकात, एक माणूस रुग्णांचे डोळे बघतोय आणि दुसरा माश्यांच्या नसा. या दोन वाटा पुढे एका प्रथिनापाशी येऊन भेटतील, असं तेव्हा कोणी म्हणालं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं. ती भेट कशी झाली, ते सांगण्याआधी आरएनए म्हणजे काय, ते दोन मिनिटांत बघू.

आपल्या अर्धनारीनटेश्वराच्या देवळातले शिलालेख तुम्ही पाहिले आहेत. यादव राजा रामचंद्राच्या काळातले, मराठीतले. दगड जागचा हलत नाही. अभ्यासक काय करतात? ओला कागद त्यावर बसवतात, ब्रशने ठोकतात, शाई फिरवतात आणि ठसा घेऊन जातात. वाचन होतं ते त्या ठशावरून. डीएनए हा असा शिलालेख समजा. तो पेशीच्या केंद्रात राहतो. त्यातला जेवढा मजकूर लागतो तेवढ्याचा ठसा निघतो, तो आरएनए. ठसा केंद्राबाहेर जातो, तिथे तो वाचला जातो आणि त्याबरहुकूम प्रथिन बनतं. काम झालं की ठसा मोडला जातो. असा निरोप्या आरएनए असतो, हे १९६१ साली प्रयोगांनी दाखवलं गेलं. बरीच वर्षं आरएनएकडे केवळ निरोप्या म्हणूनच पाहिलं गेलं. आजार झाला तर दोष एकतर दगडात, नाहीतर बनलेल्या प्रथिनात, अशी समजूत होती.

दरम्यान वाडियांच्या आजाराचा दगड सापडला. क्यूबाच्या ओल्गीन प्रांतात असाच अटॅक्सिया असलेली मोठमोठी घराणी आहेत. त्यांच्या अभ्यासावरून १९९३ साली कळलं, की दोष बाराव्या गुणसूत्रावर आहे. १९९६ साली तीन गटांनी एकाच वेळी नेमकं जनुक शोधलं. त्या जनुकात सीएजी ही तीन अक्षरं एकामागे एक पुन्हा पुन्हा येतात. बहुतेक माणसांत ती २२ वेळा असतात. साधारण ३३ किंवा त्याहून जास्त झाली, की आजार होतो. पुढच्या पिढीत हा आकडा वाढू शकतो, म्हणून मुलाला बापापेक्षा लहान वयात आजार गाठतो. गावाच्या भाषेत ज्याला शाप म्हणत होते, तो दगडावर एकच अक्षरगट जास्त वेळा कोरला गेल्याचा परिणाम होता. या प्रकाराला एससीए-२ आणि त्यातून बनणाऱ्या प्रथिनाला अटॅक्सिन-२ असं नाव पडलं.

१९९८ साली वाडिया पुन्हा 'ब्रेन'मध्ये आले. या वेळी लंडनच्या सुसान चेंबरलेन यांच्यासह. सहा भारतीय घराण्यांत जनुकीय तपासणीने एससीए-२ सिद्ध झाला होता आणि निदानासाठी डोळ्यांच्या मंद उड्यांचं महत्त्व काय, हाच त्या लेखाचा विषय होता. सत्तावीस वर्षांपूर्वी टॉर्चच्या उजेडात पाहिलेल्या गोष्टीला रेणूंची साक्ष मिळाली.

त्या लेखाच्या लेखकांत मानकोडी हे नाव आहे. अमी मानकोडी पुढे अमेरिकेत रॉचेस्टरला चार्ल्स थॉर्न्टन यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. तिथे विषय होता मायोटॉनिक डिस्ट्रॉफी. या आजारात स्नायू आवळले की लवकर सुटत नाहीत. मेंदूवरही परिणाम होतो, सुस्ती येते. याचं जनुक १९९२ साली सापडलं होतं, पण एक कोडं होतं. यातही तीन अक्षरांची पुनरावृत्ती आहे, मात्र ती मजकुराच्या अशा भागात आहे, की ज्यापासून प्रथिन बनतच नाही. मग आजार होतो कशाने? मानकोडी, थॉर्न्टन आणि सहकाऱ्यांनी ती लांबलेली पुनरावृत्ती एका भलत्याच जनुकाच्या प्रथिन न बनवणाऱ्या भागात घातली आणि असे उंदीर वाढवले. उंदरांच्या स्नायूंत तोच दोष दिसला. हा लेख २००० साली 'सायन्स'मध्ये आला. अर्थ असा, की ठसाच विषारी ठरतो. लांबलेला आरएनए केंद्रात अडकून बसतो आणि इतर ठसे नीटनेटके करणाऱ्या प्रथिनांना स्वतःशी चिकटवून ठेवतो. मग त्यांची बाकीची कामं पडून राहतात. निरोप्या म्हणून दुर्लक्षिलेला आरएनए आता आरोपीच्या पिंजऱ्यात आला.

अटॅक्सिन-२ची कथा वेगळ्या बाजूने त्याच गावाला पोचते. इथे पुनरावृत्ती प्रथिनात उतरते. पण ते प्रथिन करतं काय? तर ते आरएनएलाच धरणारं प्रथिन निघालं. मज्जापेशीत काही आरएनए लगेच वाचले जात नाहीत. ते प्रथिनांसह एकत्र जमून थांबतात, गरज पडली की सुटतात. वेळापूरकरांना हे समजावून सांगायला नको. माउलींची पालखी मुक्कामाला येते, दिंड्या उतरतात, राहुट्या पडतात, पहाटे सगळं उठून पंढरीच्या वाटेला लागतं. पेशीतले हे गोळे म्हणजे असे मुक्काम आहेत. मुक्काम पडणं गरजेचं आणि तो वेळेवर उठणंही गरजेचं. मुक्काम उठलाच नाही, राहुट्या घट्ट रुतून बसल्या, तर पुढची वाट बंद होते. मेंदूच्या अनेक आजारांत असंच काही होत असावं, असं आज बरेच संशोधक मानतात.

२०१० साली आणखी एक धागा जुळला. अटॅक्सिन-२च्या जनुकात पुनरावृत्ती २७ ते ३३ अशी मधलीच असेल, तर एएलएस या आजाराची जोखीम वाढते, असं अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं. स्टीफन हॉकिंग यांना जो झाला होता, तो हा आजार. एकाच प्रथिनाचे धागे दोन आजारांत गुंतलेले निघाले.

आणि आता चिलटांची वाट येऊन मिळते. सिद्दीकींच्या गटातून नव्वदच्या दशकात बंगळुरूला राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र, म्हणजे एनसीबीएस, उभं राहिलं. टाटा संस्थेतच पीएचडी केलेले के. विजयराघवन आणि डब्लिनचे मणी रामस्वामी यांच्या गटांनी माशीतल्या अटॅक्सिन-२वर काम केलं. माशीला एकच वास दिवसेंदिवस दिला, की ती त्याला सरावते. ही एक प्रकारची दीर्घ स्मृती. त्यासाठी अटॅक्सिन-२ लागतं, हे २०११ साली दिसलं. २०१८ साली बास्कर बक्तवाचलू आणि सहकाऱ्यांनी 'न्यूरॉन'मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात या प्रथिनाचा एक सैलसर, ठरावीक आकार नसलेला भाग काढून टाकला. तेव्हा मुक्काम पडेनासे झाले, दीर्घ स्मृती बिघडली, पण आजाराच्या नमुन्यांत मज्जापेशींचा ऱ्हास मात्र कमी झाला. बघा, काय विलक्षण गोष्ट आहे. ज्या यंत्रणेमुळे आठवण टिकते, तीच यंत्रणा म्हातारपणी घातकही ठरू शकते. गुण आणि दोष एकाच मुळातून येतात, हे आपल्याला ऐकून माहीत होतं. इथे ते माशीच्या मेंदूत दाखवता आलं.

"सर, औषध आहे का?" हा प्रश्न आता यायलाच हवा. आजच्या तारखेला एससीए-२ बरा करणारं औषध नाही. पण प्रयत्न कुठवर आले, ते सांगतो. आरएनएच्या ठशाला जोडीदार अक्षरांचा छोटा तुकडा चिकटवला, तर तो ठसा नष्ट करता येतो. २०१७ साली असा तुकडा वापरून अटॅक्सिन-२ कमी केल्यावर आजारी उंदरांची हालचाल सुधारली. १९९६ साली जनुक शोधणाऱ्यांपैकी श्टेफान पुल्स्ट यांच्याच गटाचं हे काम. त्याच वर्षी एएलएसच्या उंदरांतही लाभ दिसला. मग एएलएसच्या माणसांवर चाचणी झाली. २०२४ साली निकाल आला : प्रथिन कमी झालं, पण रुग्णांना फायदा झाला नाही. ती चाचणी थांबली. दुसरीकडे, पाठीच्या कण्याच्या मज्जापेशी मारणाऱ्या एसएमए या बालरोगावर अशाच जातीचं, मात्र ठसा नष्ट न करता त्याची जुळणी बदलणारं, औषध २०१६ साली अमेरिकेत मंजूर झालं आणि मुलांना त्याचा उपयोग होतोय. म्हणजे हा रस्ता खोटा नाही, फक्त प्रत्येक आजाराला तो वेगळा खणावा लागतो.

शेवटी दोन माणसांच्या वर्गांबद्दल बोलून थांबतो, कारण पुरस्कारांच्या यादीत ते फारसे दिसत नाहीत.

पहिला वर्ग पोस्टडॉक लोकांचा. पीएचडी झालेली, पण कायम नोकरी न लागलेली ही मंडळी. शोधलेखात पहिलं नाव बहुधा त्यांचं किंवा पीएचडीच्या विद्यार्थ्याचं असतं, आणि शेवटचं प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं. रात्री माश्यांच्या बाटल्या बदलायला तेच जातात. आपल्याकडची राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल शिष्यवृत्ती दोन वर्षांची असते. १९७१ ते आजपर्यंतची ही साखळी मोजा आणि त्यात दोन वर्षं किती, ते बघा. तिशी ओलांडलेला मुलगा किंवा मुलगी, घरचे विचारतायत "अजून शिकतोच आहेस का?", आणि पुढच्या वर्षी पगार असेल की नाही, हे ठाऊक नाही. लांब पल्ल्याचं ज्ञान आपण आखूड कराराच्या माणसांकडून करून घेतो. यातले किती जण मध्येच गळतात आणि त्यांच्याबरोबर कोणते प्रश्न गळतात, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. तुमच्या घरात, भावकीत असं कोणी असेल, तर त्याला 'रिकामा' म्हणू नका, एवढी विनंती.

दुसरा वर्ग त्या नऊ कुटुंबांचा. आणि ओल्गीनच्या घराण्यांचा, आणि पुढे रक्त दिलेल्या सगळ्यांचा. त्यांची नावं कुठेही नाहीत, आणि नसावीतही. ते त्यांच्या खाजगीपणासाठी योग्यच आहे. पण डोळ्यांची ती परीक्षा कोणीतरी करू दिली होती. आपल्या घरातली झाकलेली गोष्ट कोणीतरी डॉक्टरसमोर उघडी केली होती. त्यांना त्यातून स्वतःसाठी काहीही मिळालं नाही. जनुक सापडायला पंचवीस वर्षं लागली. ज्ञानाच्या व्यवहारात हे त्यांचं दान आहे आणि ते अजून फिटलेलं नाही. आमच्या मते आरएनएवरच्या नव्या कामाकडे केवळ विज्ञानाची प्रगती म्हणून पाहू नये. त्या कुटुंबांचं देणं म्हणूनही पाहावं.

आणि आपल्या हातात काय आहे? उपचार नसेल, पण निदान आहे. जनुकीय तपासणी होऊ शकते. आई किंवा वडिलांना हा आजार असेल, तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी असते. आपल्याला येणार की नाही, हे निरोगी माणसाने आधी जाणून घ्यावं का, हा फार अवघड प्रश्न आहे. त्याचं उत्तर ज्याचं त्याने, समुपदेशकाशी नीट बोलून द्यावं. सासरच्यांनी किंवा गावाने द्यायचं नाही. पण एक गोष्ट गावाने करायची आहे. चौकात कोणी झोकांड्या खात चालताना दिसला, तर दारूचा आरोप करण्याआधी थांबायचं. त्याच्या भावालाही तसंच होतं का, बोलणं जड झालंय का, हे आपुलकीने विचारायचं आणि मज्जाविकारतज्ज्ञाकडे जायला सांगायचं. सोबत कोणी नसेल, तर आपण जायचं.

प्रश्न असतील तर विचारा. थोडा वेळ आहे.